शर्ट बघायला आलेला माणूस

पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली की माझं मशीनवर लक्ष लागत नाही. माझं टेलरिंगचं दुकान शिरूरच्या बाहेर फाट्यावर आहे. कंपन्यांच्या गाड्या समोरच थांबतात, माणसं उतरतात, चहा पितात, पांगतात, हे सगळं मला बसल्या जागेवरून दिसतं. पाय पायडलवर आणि डोळे बाहेर. मग टीप वाकडी जाते, ती उसवायची, पुन्हा घालायची, तोवर दुसरी गाडी येते. पूर्वी असं नव्हतं. यवतचं ते स्थळ आलं तेव्हापासून लागलेली ही सवय आहे, आणि ती काही जात नाही.

माझा धाकटा भाऊ माझ्याकडंच राहतो आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला जातो. त्या कंपनीत पर्मनंट कामगाराला गडद निळा शर्ट आणि ठेकेदाराकडच्याला राखी. काम एकाच लाइनवर, जेवण एकाच कँटीनमध्ये, गाडीसुद्धा एकच, शर्ट तेवढे दोन. आत कुणाचा माणूस कुठला हे कळायला ते सोयीचं असेल, मला त्यातलं कळत नाही. पण तो रंग गेटच्या आत थांबत नाही ना. तो गाडीत बसून फाट्यावर येतो. चहावाला निळ्या शर्टाला "या साहेब, बसा" म्हणतो आणि राखी शर्टाला नुसतं "किती?" विचारतो. मोबाइलच्या दुकानात हप्त्यावर फोन मागितला तर आधी शर्टाकडं बघतात, मग आधार कार्डाकडं. माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण माझं अर्धं दुकान ह्याच शर्टांवर चालतं, म्हणून गप्प बसावं लागतं. कंपनीचे शर्ट ढगळ येतात, पोरं माझ्याकडून फिटिंग करून घेतात. निळा शर्ट आणणारा आरशासमोर पुन्हा पुन्हा वळून बघतो. राखीवाला म्हणतो, "ताई, चालंल तसं करा."

आता ह्या शर्टांवर सोयरिकीही ठरायला लागल्यात. मुलांचे बायोडेटा व्हॉट्सॲपवर फिरतात आणि प्रत्येकाच्या बायोडेटात 'नामांकित कंपनीत नोकरी' असतंच. खोटं कुणीच लिहीत नाही, खरं मात्र कळत नाही. मग मुलीकडचे लोक पोहे खायला यायच्या आधी एक माणूस गुपचूप फाट्यावर पाठवतात. शिफ्ट सुटायच्या वेळेला तो चहाच्या गाड्यापाशी उभा राहतो, मुलगा कुठल्या रंगात उतरतो ते बघतो आणि कुणाशी न बोलता परत जातो. आमच्याकडं ह्याला सरळ 'शर्ट बघायला जाणं' म्हणतात. निळा दिसला तर पोह्यांचा निरोप येतो. राखी दिसला तर काहीच येत नाही. असं काहीच न येणं आमच्या घराला चांगलं सवयीचं झालंय. आई तळेगाव ढमढेऱ्याला असते. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "काय कळलं का गं?" आणि मी काहीतरी भाजीपाल्याचं बोलून विषय बदलायचे.

भावानं तिशी कधीच ओलांडली होती. इतकी स्थळं आली आणि गेली, तो कधी कशाबद्दल बोलला नव्हता. यवतच्या ह्या स्थळाबद्दल मात्र तो स्वतःहून बोलला. पाबळला एका लग्नात त्या मुलीनं आणि त्यानं एकमेकांना पाहिलं होतं, पंगतीत वाढता वाढता दोन शब्द बोलले होते. घरी येऊन तो जेवला, ताट धुवून ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे तेवढं मनावर घे." मी बघतच राहिले. माझा भाऊ कुणाकडं काही मागत नाही. लहानपणी जेवताना भाकरीसुद्धा मागायचा नाही, ताटाकडं बघत बसायचा. त्यानं मागितलं म्हणून मी मध्यस्थाच्या मागं भुणभुण लावली. मुलीच्या वडिलांचा ऊस मोठा, गावच्या राजकारणात वजन, घर दारात गाडी असलेलं. तरी मुलीला मुलगा पसंत आहे असा उडता निरोप आला आणि आमचा जीव टांगणीला लागला.

एके दिवशी सकाळी मध्यस्थाचा फोन आला. "आज त्यांचा माणूस येतोय फाट्यावर, मुलीचा मामा. पोराला सांगून ठेवा."

भाऊ तोवर ड्यूटीवर गेला होता. मी त्याला कळवलं. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला.

"ताई, माझ्या दोस्ताचा निळा शर्ट तुझ्याकडं फिटिंगला हाय ना? झाला का?"

"झालाय. का?"

"न्हाई, खुंटीवरच राहू दे. मी अलीकडच्या स्टॉपला उतरतो, मागच्या दारानं येतो. गाडी वळसा घालून फाट्यावर येईस्तोवर शर्ट बदलून बाहेर पडंन. गर्दीत कुणाला कळतंय?"

"आन् पुढं कळलं म्हंजी?"

मागं कँटीनमधल्या ताटांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "एकदा घरापर्यंत येऊ तर देत. मग सगळं सांगतो मी. माझ्या तोंडानं सांगतो." आणि त्यानं फोन ठेवला.

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तो शर्ट दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात खुंटीला लटकत होता. तिथं मी एक पडदा लावलाय, गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला. मी पडदा सरकवून शर्टाकडं बघायचे आणि परत यायचे. दुकान झाडलं. झाडलेलं पुन्हा झाडलं. एका ब्लाउजची बाही उलटी लावली. राग कुणाचा येत होता तेच कळेना. त्या शर्टाचा येत होता, फाट्यावर येणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसाचा येत होता, आणि भावाला असलं सोंग करावं लागतंय ह्याचा तर फारच येत होता. त्यात मलाही मुलगी आहे. उद्या तिच्यासाठी मीसुद्धा विचारीनच की, नोकरी पक्की आहे का म्हणून. विचारणं चूक नाही. पण विचारा ना मग, तोंडानं विचारा.

दुपार कलायला लागली तेव्हा शेजारचे इस्त्रीवाले चाचा एका माणसाला घेऊन आले. चाचांचं घराणं शिरूरमध्ये माझ्या सासरच्यांच्याही आधीपासूनचं. कुणाचं काही अडलं की चाचा त्याला हाताला धरून योग्य दारात नेऊन सोडतात.

"बाय, ह्यांचं जरा बघ. एस्टीच्या पत्र्यात बाही अडकली. मोठं फाटलंय."

माणूस साठीचा असेल. अंगावर कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे, पुढाऱ्याला शोभतील असे. पण सदऱ्याचे खांदे त्याच्या खांद्यांवरून चांगलेच खाली उतरले होते आणि विजार कमरेला पिन लावून आवळली होती. कोपरापासून मनगटापर्यंत बाही फाटून लोंबत होती. तो सारखी ती धरून ठेवत होता, जखम दाबून धरावी तशी.

"ताई, जपून शिवा," तो म्हणाला. "माझा न्हाई सदरा. दाजींचा हाय. दिसता कामा नये."

"कुठनं आलात मामा?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"यवतवरनं. चौफुल्याला गाडी बदलली, न्हावऱ्यावरनं आलो." मग त्यानं बाहेर बोट केलं. "ह्याच फाट्यावर थांबत्यात न्हवं कंपनीच्या गाड्या? निळं शर्ट कंच्या गाडीतनं उतरत्यात?"

ज्याच्यावर मी सकाळपासून दात खात होते तो हाच, मुलीचा मामा. आणि तो बाही दाबून धरून माझ्या दुकानात उभा होता. मी म्हणाले, "वेळ हाय अजून गाड्यांना. काढा सदरा, देते शिवून."

त्यांनी पडद्यामागं जाऊन सदरा काढला आणि हात तेवढा बाहेर काढून माझ्याकडं दिला. आत स्टूल होतं, त्यावर बसले. मी बाही जुळवायला घेतली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मागचं दार त्याच पडद्याआड उघडतं. निळा शर्ट त्याच खुंटीला आहे. मी भावाला फोन लावला. गाडीत असला की त्याचा फोन लागत नाही. पुन्हा लावला. मामा आतून म्हणाले, "गाड्या आल्या तर सांगा बरं का."

सांगण्याआधीच मागची कडी वाजली.

"आरं, आधी इकडं ये," मी ओरडले.

"थांब गं, शर्ट काढतोय," भाऊ आतून म्हणाला. मग त्याला मामा दिसले असणार. "बसा मामा, बसा. माझं काय, दोन मिनटाचं काम हाय."

आता पडद्याआड दोन पुरुष बनियनवर, मी बाई माणूस, उठून आत जायचीही सोय नाही. मी मशीन थांबवली. सुई वर राहिली, पाय तसाच. बाहेर गाडी वळसा घालून फाट्याकडं येत होती, तिचा हॉर्न ओळखू आला.

आत मामा म्हणाले, "हाताला काय रं ते? भाजलंय?"

"ओव्हनचा चटका. रंगाचे पार्ट सुकवायला ओव्हन असतो, त्याचं दार लागलं."

"आन् हे बघ माझं." स्टूल सरकल्याचा आवाज आला. "काहिलीतला उकळता पाक उडाला. गुळव्या हाय मी, केडगावच्या बाजूला गुऱ्हाळावर असतो. पाक अंगाला चिकटला की सुटत न्हाई, कातडं घेऊनच निघतो."

"बापरे. मग काय लावलं?"

"काय लावतोय. हंगाम चालू हुता, दुसऱ्या दिशी परत काहिलीपुढं उभा. तिथं आम्ही समदी अशीच, बनियनवर. सदऱ्याची सवयच न्हाई मला. सकाळपासून काचतोय नुसता."

दोघं हसले. माझ्या भावाला मी अनोळखी माणसाशी असं हसताना फारसं ऐकलेलं नाही. मग मामांनी विचारलं, अगदी सहज, शेजारच्या शेतात पाणी सोडलं का विचारावं तसं, "कायम हाईस का कंपनीत?"

मी डोळे मिटले.

"न्हाई मामा. ठेक्यावर. लई वर्षं झाली. दर साली म्हंत्यात, पुढच्या साली घेऊ."

"मग ह्यो निळा शर्ट?"

"दोस्ताचा हाय," भाऊ म्हणाला. "मला बघायला येणार हायेत फाट्यावर. राखी शर्ट बघितला की माणसं आल्या पावली परत जात्यात."

समोर गाडी थांबली, माणसं उतरायला लागली, निळी आणि राखी, चहावाल्याची हाक सुरू झाली. मग मामा म्हणाले, "घाल की मग. मीबी दाजींचाच घालून आलो हुतो. माणूस चांगला दिसावा म्हणून त्यांनीच घालून पाठवला." आणि मग, "मीच आलोय तुला बघायला."

मी पडदा सरकवला. लाज वगैरे सगळं बाजूला राहिलं. मामा स्टुलावर, भाऊ भिंतीला टेकलेला, हातात निळा शर्ट. दोघांच्या दंडावरचे डाग दिसत होते, एक जुना आणि एक त्याहून जुना. भावाचा चेहरा उतरला होता, पण तो पळून गेला नाही. त्यानं निळा शर्ट इस्त्री मोडू न देता नीट खुंटीला परत लावला आणि आपला राखी घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मी बाही पुरी केली. चाचांनी सदऱ्यावर इस्त्री फिरवून दिली. मी चहा सांगितला. मामा जाताना दारात थांबले. सदऱ्यात शिरल्यावर ते पुन्हा लहान झाल्यासारखे दिसत होते.

"पोरगं मला पटलं," ते मला म्हणाले. "जसं हाय तसं सांगतो मी घरी. भाची माझ्या शब्दाबाहेर न्हाई."

त्या रात्री आईचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विषय बदलला नाही. पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. फोन वाजला की हातातली कात्री टाकून धावायचे. भाऊ काही विचारायचा नाही, पण घरात आला की आधी माझ्या तोंडाकडं बघायचा. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मी त्या मामांना राखाडी भिंतीपुढं बनियनवर बघितलं होतं आणि आता अंतरपाटाच्या पलीकडं उभं केलेलंसुद्धा डोळ्यासमोर आणलं होतं. मला एवढी घाई नडतेच.

शेवटी मध्यस्थाचा फोन आला. त्यांनी पुन्हा दुसरा माणूस पाठवला होता, आम्हाला न कळवता. त्यानं फाट्यावर उभं राहून राखी शर्ट बघितला आणि तो परत गेला.

"आन् मामांनी सांगितलं न्हाई का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सांगितलं की. पोरगं लाखात एक हाय म्हणाले. पण मुलीचे वडील काय म्हणाले ठावं हाय का? म्हणाले, मेव्हण्याचं काय घेऊन बसलाय. त्याला कपडे आम्ही घालून पाठवला हुता. त्याच्या सांगण्यावर पोरगी द्यायची व्हय?"

मी फोन ठेवला. बाहेर उन्हात चहावाला कुणाला तरी साहेब म्हणत होता. मला त्या घराचा राग यायला हवा होता आणि तो आलाच, पण त्याहून जास्त रडू आलं, आणि ते भावासाठी जितकं होतं तितकंच त्या माणसासाठी होतं. त्याला आमच्यापुढं मोठा दिसावा म्हणून सदरा दिला, आणि त्याच सदऱ्यावरून त्याचा शब्द खोटा ठरवला. त्याच्याच बहिणीच्या घरी.

भावाला मी संध्याकाळी सांगितलं. तो "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी राखी शर्ट घालून ड्यूटीवर गेला. निळा शर्ट दोस्त घेऊन गेला, आरशासमोर वळून बघून.

गुऱ्हाळांचा हंगाम संपता संपता एका दुपारी मामा पुन्हा आले. ह्या वेळी अंगात त्यांचा स्वतःचा सदरा होता, धुवून धुवून विटलेला, कॉलर उलटवून शिवलेली, आणि डोक्याला टोपी. मी चटकन ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. कागदात बांधलेला गूळ त्यांनी मशीनवर ठेवला. भाचीचं दुसरीकडं ठरलं होतं. "तिनं मला बाजूला घेऊन विचारलं हुतं," ते म्हणाले, "मामा, खरं सांग, पोरगा कसा हाय. मी खरं ते सांगितलं. तिनं घरात तोंड उघडलं, पण तिचंबी कुणी ऐकलं न्हाई." मी म्हणाले, बसा, पंखा लावते, येईलच तो इतक्यात.

"न्हाई. मी फाट्यावरच उभा राहतो. तवा राहायचं हुतं, राहिलो न्हाई."

ते जाऊन चहाच्या गाड्यापाशी उभे राहिले. चहावाल्यानं त्यांना "किती?" विचारलं. त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. मी दारात येऊन उभी राहिले. गाडी आली. पाच-सहा जणांमागून माझा भाऊ उतरला, मान खाली, हातात डबा. मामांनी हात वर केला. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, एक म्हातारा शेतकरी, कुणाची तरी वाट बघत असेल, आणि त्यांच्या बाजूनं तो पुढं निघून आला. त्याचं तरी काय चुकलं, त्यानं त्यांना असं पाहिलेलंच नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण मामा माझ्याआधी हलले. ते त्याच्यापुढं आले आणि भर फाट्यावर, सगळ्या माणसांसमोर, त्यांनी सदऱ्याची बटणं पोटापर्यंत सोडली आणि सदरा दोन्ही हातांनी बाजूला धरून आतली बनियन दाखवली.

"आरं, मी," ते म्हणाले.